ट्रॅक्टरचा सेल्फ कसा लागतो?



ट्रॅक्टर सुरू होताना तुम्ही रोज ऐकता. पण कधी कान देऊन ऐकलंत का? चावी फिरवली की आधी 'टक्' असा एकच आवाज येतो. त्याच्या मागोमाग 'घर्रर्र' होतं, आणि मग इंजिन धडधडायला लागतं. घर्रर्र करणारा तो सेल्फ, हे तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक आहे. पण आधीचं ते 'टक्' कोण करतं?

ते करणाऱ्याचं नाव सोलेनॉइड. सेल्फच्या पाठीवर एक छोटा गोल डबा बसवलेला असतो, तोच हा. दिसायला एवढासा, पण तो नसला तर चावी कितीही फिरवा, सेल्फ लागायचा नाही. आज आपण त्याचं काम समजून घेऊ. आणि शेवटी एक जिवाशी गाठ असलेली गोष्ट सांगायची आहे, ती घरी जाऊन मोठ्यांनाही सांगायची. तेव्हा लेख पुरता वाचा.

इंजिनाला आधी कुणीतरी फिरवावं लागतं

विहिरीवरची विजेची मोटार बटण दाबलं की फिरू लागते. डिझेल इंजिनाचं तसं नाही. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो, हे तुम्ही हात लावून पाहिलं असेल. हवा दाबली की ती तापते. डिझेल इंजिनात हवा साधारण सोळा-सतरा पट दाबली जाते, आणि ती ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते. अशा तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो. त्या पेटण्याच्या जोरानं इंजिन फिरतं, आणि फिरता फिरता पुढची हवा स्वतःच दाबतं.

पण पहिल्यांदा हवा कोण दाबणार? बंद इंजिन स्वतः काहीच करू शकत नाही. त्याला बाहेरून कुणीतरी मिनिटाला शे-दोनशे फेऱ्यांच्या वेगानं फिरवावं लागतं.

पूर्वी हे काम माणूस करायचा. मोटारीच्या पुढच्या बाजूला लोखंडी हँडल घालून गरागरा फिरवायचं. काम जोखमीचं होतं. इंजिन अवेळी पेटलं तर हँडल उलटा झटका मारायचं, आणि मनगटाचं हाड मोडायचं. पुढं अमेरिकेत चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअरनं १९११ साली मोटारीसाठी विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींना तो बसवला. बाहेरून माणसानं फिरवायला नको, गाडी आपली आपण सुरू होते, म्हणून त्याला 'सेल्फ स्टार्टर' म्हणू लागले. आपल्या गॅरेजवाल्यांनी त्यातला पहिला अर्धा शब्द ठेवला आणि नाव पडलं 'सेल्फ'.

सेल्फ म्हणजे दुसरं काही नाही, बॅटरीवर चालणारी दणकट मोटार. तिच्या टोकाला एक लहान दातेरी चक्र असतं, त्याला पिनियन म्हणतात. इंजिनाच्या मागं फ्लायव्हील नावाचं जड चाक असतं आणि त्याच्या कडेला दात असतात. पिनियनचे दात त्या दातांत अडकवून सेल्फ इंजिनाला फिरवतो.

मग चावी थेट सेल्फलाच का जोडत नाहीत?

प्रश्न चांगला आहे. त्यासाठी थोडं गणित करू.

घरातल्या छताच्या पंख्यातून साधारण एक तृतीयांश अँपिअर प्रवाह जातो. म्हणून त्याची वायर बारीक चालते. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची. सेल्फ इंजिन फिरवत असताना तिच्यातून २०० अँपिअर किंवा त्याहूनही जास्त प्रवाह ओढतो. २०० ला १२ नं गुणलं की २,४०० वॅट होतात. ७४६ वॅट म्हणजे एक अश्वशक्ती. म्हणजे तीन अश्वशक्तीहून जास्त जोर ती बॅटरी त्या काही सेकंदांत देते!

एवढा प्रवाह न्यायला अंगठ्याएवढी जाड केबल लागते. बॅटरीकडून सेल्फकडे जाणारी केबल पाहा, ती तशीच जाड असते. आता हाच प्रवाह चावीतून न्यायचा म्हटलं तर ती केबल चावीपर्यंत वर न्यावी लागेल आणि तिथून पुन्हा खाली आणावी लागेल. शिवाय चावीच्या आतले पितळेचे इवलेसे तुकडे एका दमात जळून जातील.

यावर तोड काय? पाटाच्या पाण्याचं पाहा. पाणी सोडायचा हुकूम एका कागदावर येतो. कागद हलका, पोरानंही न्यावा. पण तो पाटकऱ्याच्या हातात पडला की पाटकरी लोखंडी दार उचलतो आणि पाणी धो धो वाहू लागतं. कागदातून पाणी जात नाही, कागदातून फक्त हुकूम जातो. ट्रॅक्टरमध्ये चावीकडून येणारी बारीक वायर म्हणजे तो कागद. जाड केबलमधला प्रवाह म्हणजे पाटाचं पाणी. आणि दार उघडणारा पाटकरी म्हणजे आपला सोलेनॉइड.

लोखंड ओढणारी नळी

सोलेनॉइडच्या पोटात काय असतं? तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे दिलेली एक पोकळ नळी, आणि त्या नळीत पुढं-मागं सरकणारा लोखंडी दांडा. त्या दांड्याला प्लंजर म्हणतात.

१८२० साली डेन्मार्कमधल्या ओर्स्टेड या शास्त्रज्ञाला दिसून आलं की तारेतून वीज गेली की जवळची होकायंत्राची सुई हलते. म्हणजे विजेला चुंबकाचा गुण आहे. पुढं फ्रान्समधल्या अँपिअर यांनी तारेच्या वेटोळ्यांचा अभ्यास केला आणि त्याला 'सोलेनॉइड' हे नाव दिलं. ग्रीक भाषेतल्या नळी या अर्थाच्या शब्दावरून ते आलं आहे. प्रवाह मोजायच्या एककाला आपण यांचंच नाव देतो. १८२५ च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्यम स्टर्जन यांनी लोखंडाच्या नालेवर तार गुंडाळून विद्युतचुंबक केला. त्यानं स्वतःच्या वजनाच्या वीसपट वजन उचललं. आपल्या वरच्या वर्गाच्या पुस्तकात सोलेनॉइडला 'नालकुंतल' म्हटलं आहे. नाल म्हणजे नळी, कुंतल म्हणजे वेटोळं. नाव अवघड वाटतं, पण अर्थ सरळ आहे.

या नळीची गंमत अशी की वीज सुरू केली की ती लोखंड आपल्या पोटात ओढून घेते. वीज बंद केली की सोडून देते. साधा चुंबक कायम चुंबकच राहतो, हा मात्र हुकमाचा ताबेदार.

करून पाहा

बॉलपेनची रिकामी प्लॅस्टिकची नळी घ्या. मोटार वाइंडिंगच्या दुकानातून लाखेचा मुलामा असलेल्या बारीक तांब्याच्या तारेचा नवा तुकडा मागून आणा. नळीवर एकाच दिशेनं जवळ जवळ दीडशे-दोनशे वेढे द्या. तारेची दोन्ही टोकं पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करा, नाहीतर वीज जाणार नाही. नळीच्या तोंडाशी एक बारीक खिळा अर्धा आत सरकवून ठेवा. आता टॉर्चचे दोन सेल एकापुढं एक धरून तारेची टोकं त्यांना क्षणभर टेकवा. खिळा सुळ्ळकन आत जाईल!

दोन गोष्टी सांभाळा. तार तापते, म्हणून टोकं दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवायची नाहीत. आणि हा प्रयोग फक्त टॉर्चच्या सेलवरच करायचा. घरातल्या प्लगवर नाही आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर तर मुळीच नाही.

एका हेलपाट्यात दोन कामं

आता ट्रॅक्टरकडे वळू. चावी फिरवली. बारीक वायरीतून हुकूम आला. सोलेनॉइडच्या वेढ्यांत वीज खेळली आणि प्लंजर आत ओढला गेला. जाता जाता तो दोन कामं करतो.

पहिलं काम : प्लंजरच्या एका टोकाला एक दुबेळक्याची दांडी जोडलेली असते. बैलाची मोट ओढताना दोर जसा कप्पीवरून दिशा बदलतो, तसं इथं दांडीमुळं होतं. प्लंजर मागं जातो आणि दांडीचं दुसरं टोक पिनियनला पुढं ढकलतं. पिनियनचे दात फ्लायव्हीलच्या दातांत शिरतात.

दुसरं काम : प्लंजर आपल्या वाटेच्या शेवटी पोचला की तांब्याची एक चकती दोन जाड बोल्टांवर नेऊन दाबतो. एका बोल्टला बॅटरीची जाड केबल असते, दुसऱ्याला सेल्फची मोटार. चकती बसली की दोन्ही जोडले जातात आणि सगळा प्रवाह सेल्फमध्ये धावतो. तुम्हाला ऐकू येणारं 'टक्' ते हेच.

क्रम लक्षात घ्या. आधी दातात दात, मग जोर. उलटं झालं असतं तर? सेल्फ आधीच गरगर फिरत असता आणि फिरते दात थांबलेल्या दातांवर आदळून त्यांचे तुकडे पडले असते. चालत्या चरकात कुणी ऊस आडवा कोंबत नाही, तसंच हे.

कधी कधी दातासमोर दात येतो, फटीत शिरत नाही. त्याचीही सोय केलेली आहे. मध्ये एक स्प्रिंग असते, ती दबते आणि पिनियन दातावर टेकून थांबतं. प्लंजर मात्र वाट पुरी करतो. सेल्फ जरासा फिरला की दात सरकतो आणि स्प्रिंगच्या जोरानं पिनियन आत बसतं.

ओढणारी तार आणि धरणारी तार

सोलेनॉइडमध्ये वेढ्यांचे दोन संच असतात. एक जाड तारेचा, तो प्लंजरला जोरानं ओढतो. दुसरा बारीक तारेचा, तो ओढलेल्या प्लंजरला धरून ठेवतो. विहिरीतून भरलेली घागर वर ओढायला दोघांचा जोर लागतो, पण काठावर आल्यावर ती धरून ठेवायला एकटा पुरतो. इथंही तसंच आहे. चकती बोल्टांवर बसली की ओढणाऱ्या तारेच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब येतो. दोन्हीकडं पाण्याची पातळी सारखी झाली की पाणी वाहत नाही, तशी तिच्यातून वीज वाहायची थांबते. मग धरणारी तार एकटी थोड्या विजेवर काम करते. बॅटरीची तेवढीच बचत!

चावी सोडली की वेढ्यांचा जोर जातो, स्प्रिंग प्लंजरला मागं ढकलते, चकती सुटते, सेल्फ थांबतो आणि पिनियनही दातांतून बाहेर येतं. एवढं सगळं डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर.

पण इंजिन सुरू झालं आणि चालवणाऱ्यानं चावी क्षणभर जास्त धरली तर? समजा पिनियनला १० दात आहेत आणि फ्लायव्हीलला १२०. पिनियनचे १२ फेरे झाले की इंजिनाचा एक फेरा होतो. इंजिन सुरू होऊन मिनिटाला ८०० फेरे घेऊ लागलं, तर ते पिनियनला ८०० गुणिले १२, म्हणजे ९,६०० फेऱ्यांनी पळवील. सेल्फच्या तारा उसवून बाहेर येतील. म्हणून पिनियनच्या मागं सायकलच्या फ्रीव्हीलसारखी एक युक्ती असते. सायकल उतारावर पळते, पायडल थांबलेलं असतं, चाक मात्र फिरतं. तसंच पिनियन मोकळं पळतं, सेल्फला ओढून नेत नाही. पिनियनसकट या भागाला मेकॅनिक 'बेंडिक्स' म्हणतात.

आवाजावरून दुखणं ओळखा

डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात, तसा चांगला मेकॅनिक ट्रॅक्टरचा आवाज ऐकतो.

नुसतं 'टक्' झालं आणि पुढं काही नाही : सोलेनॉइड आपलं काम करतोय, पण जोराचा प्रवाह सेल्फपर्यंत पोचत नाही. तांब्याची चकती नि बोल्ट जळून काळे पडले असतील, केबल ढिली असेल, नाहीतर सेल्फचे कार्बन झिजले असतील.

'कट् कट् कट् कट्' असा सारखा आवाज : बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते, किंवा तिच्या टर्मिनलवर पांढरट मळ साचलेला असतो. प्लंजर आत जातो, चकती बसते, सेल्फ प्रवाह मागतो. तेवढ्यानं अशक्त बॅटरी बसते, धरणाऱ्या तारेचा जोर संपतो आणि स्प्रिंग प्लंजरला परत पाठवते. ओझं उतरल्याबरोबर बॅटरी जरा सावरते, प्लंजर पुन्हा आत. असा त्यांचा लपंडाव चालतो.

काहीच आवाज नाही : हुकूमच पोचलेला नाही. बॅटरी पार संपली असेल, चावीची वायर तुटली असेल, किंवा गिअर न्यूट्रलमध्ये नसेल, क्लच दाबलेला नसेल.

गिअरचा इथं काय संबंध? तीच आता ती जिवाची गोष्ट.

वाटेवरचा राखणदार

बऱ्याच ट्रॅक्टरांत चावी आणि सोलेनॉइड यांच्या मधल्या बारीक वायरीवर आणखी एक लहानसं बटण असतं. गिअर न्यूट्रलमध्ये असला किंवा क्लच दाबलेला असला तरच ते वीज पुढं जाऊ देतं. ट्रॅक्टर गिअरमध्ये असताना सेल्फ लागू नये म्हणून हा राखणदार बसवलेला आहे.

चावी बिघडली किंवा हे बटण खराब झालं की काही जण काय करतात? खाली उतरून ट्रॅक्टरच्या बाजूला उभे राहतात आणि सोलेनॉइडच्या बोल्टांवर पेचकस किंवा पाना आडवा लावून ठिणगी पाडतात. सेल्फ लागतो. लोक म्हणतात, "काय डोकं चालवलं!" पण या युक्तीत चावीही वगळली जाते आणि राखणदारही वगळला जातो.

आता विचार करा. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिलेला आहे हे त्या माणसाला ठाऊक नाही. सेल्फ लागल्याबरोबर ट्रॅक्टर पुढं सरकतो. साध्या पंपाच्या डिझेल इंजिनाला चालू राहायला वीज लागत नाही, म्हणून चावी बंद असली तरी ते धडधडायला लागतं. सेल्फ इंजिनाच्या कुशीला असतो. म्हणजे माणूस उभा आहे पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्ये, मोठ्या चाकाच्या बरोब्बर समोर. पळायला वेळ कुठला? सीटवर कुणी नाही, क्लच-ब्रेक दाबायला कुणी नाही. अशानं देशोदेशी शेतकरी स्वतःच्याच ट्रॅक्टरखाली सापडले आहेत. शिवाय चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. त्याच्याजवळ ठिणगी पडली तर बॅटरी फुटून तेजाब अंगावर उडतं.

दहा-वीस मिनिटं वाचवायला, मेकॅनिकचे थोडे पैसे वाचवायला केलेली ही युक्ती. तिची किंमत मात्र कधी कधी घरातल्या कर्त्या माणसाएवढी पडते.

म्हणून घरी एवढं नक्की सांगा :

१. ट्रॅक्टर नेहमी सीटवर बसूनच सुरू करायचा. गिअर न्यूट्रल, क्लच दाबलेला, ब्रेक लावलेला.
२. चावीनं सेल्फ लागत नसेल तर मेकॅनिकला बोलवायचं. राखणदार बटणाला बगल देऊन वायर थेट जोडायची नाही.
३. सोलेनॉइडवरचं रबराचं टोपण काढून टाकायचं नाही.
४. कुणी ट्रॅक्टर सुरू करत असेल तेव्हा मुलांनी चाकांच्या पुढं-मागं थांबायचं नाही.

बाबांना, आजोबांना सांगताना भिऊ नका. "तुला काय कळतं?" असं म्हणाले तर त्यांना हा लेख समजावून सांगा. दात, चकती, राखणदार, सगळं सांगा. कारण कळलं की माणूस ऐकतो.

गावातला दुसरा सोलेनॉइड

जाता जाता एक सांगतो. विहिरीवरच्या पंपाच्या पेटीलाही आपण 'स्टार्टर'च म्हणतो. तिचं हिरवं बटण दाबलं की आतून 'खट्' असा आवाज येतो. तिथंही तारेचं वेटोळं लोखंड ओढून धरतं आणि मोटारीचा जाड प्रवाह जोडतं. म्हणूनच लाइट गेली की स्टार्टर आपोआप सुटतो. बोटाचा हुकूम लहान, काम मोठं. पण ही पेटी मुलांनी उघडायची नाही. तिच्यात ४०० व्होल्टच्या वर वीज असते.

सांगा पाहू!

१. पिनियनला ९ दात आणि फ्लायव्हीलला १२६ दात आहेत. इंजिनाचा एक फेरा व्हायला पिनियनचे किती फेरे लागतील?
२. सेल्फ १२ व्होल्टवर २५० अँपिअर प्रवाह घेत असेल तर किती वॅट झाले?
३. सोलेनॉइडमध्ये लोखंडाऐवजी तांब्याचा दांडा घातला तर तो ओढला जाईल का? प्रयोग करून पाहा.

उत्तरं कागदावर लिहून याच फळ्याखालच्या पेटीत टाका. आणि उद्या सकाळी कुणाच्याही अंगणात ट्रॅक्टर सुरू झाला, तर लांब उभं राहून ते 'टक्' ऐका. आता ते कोण करतं, हे तुम्हाला ठाऊक आहे.